अजिंक्य घोडा आणि निर्दोषपणाचा दावा

एका रविवारी दुपारी पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत पेण स्थानकावर एक तरुण चढला. ओळखीच्या घराण्यातला, नमाजी, आईवडिलांचा शब्द न मोडणारा. सलाम-दुआ झाली आणि तो शेजारी बसला. त्याच्या मोबाइलवर महालक्ष्मी रेसकोर्सवरील त्या दिवसाच्या शर्यतींची यादी उघडी होती. माझी नजर तिकडे गेल्याचे त्याच्या ध्यानात आले, तरी त्याने मोबाइल लपवला नाही. उलट त्याने सरळ प्रश्न केला, "चाचा, जुगार हराम आहे, हे मला मान्य आहे. पण जुगार म्हणजे निकाल ठाऊक नसताना पैसे लावणे. जो घोडा आजवर एकदाही हरला नाही, ज्याच्यात कसला ऐबच नाही, त्याच्यावर पैसे लावले, तर त्यात ठाऊक नसण्यासारखे काय उरते?"

कासू मागे पडले. नागोठणे येईपर्यंत त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. बहिणीच्या निकाहसाठी घरात बाजूला ठेवलेल्या रकमेतील काही पैसे त्याने दोन वेळा लावले होते. दोन्ही वेळा तो जिंकला आणि मूळ रक्कम जागच्या जागी नेऊन ठेवली. घरात कोणाला काही कळले नाही. "मग नुकसान कोणाचे झाले?" असे त्याने विचारले. "हराम ते हराम" एवढे बोलून मला विषय संपवता आला असता. परंतु त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, तो एका प्रामाणिक मनाने स्वतःची घातलेली समजूत होती. अशा समजुतीला हुकूम ऐकवून भागत नाही, ती उलगडून दाखवावी लागते. रोहा आले तेव्हा माझे उत्तर अर्धेच झाले होते. उरलेले उत्तर त्याच्या संमतीने, त्याची ओळख न देता, येथे लिहीत आहे. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही.

आधी 'ऐब' या शब्दाचा विचार करू. इस्लामी फिकहमध्ये हा शब्द अतिशय जबाबदारीने वापरला जातो. जनावर विकणाऱ्याने त्यातील दोष ग्राहकाला सांगितलाच पाहिजे. दोष लपवून विक्री झाली आणि तो मागाहून उघड झाला, तर जनावर परत करण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. हा अधिकार 'खियारे ऐब' या नावाने ओळखला जातो. घोडा घेणारा त्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो, श्वासाचा आवाज ऐकतो. एवढे करूनही काही राहून जाते, हे ओळखून शरीअतने त्याला परतीची वाट ठेवली आहे. म्हणजे ज्याने घोडा हाताने तपासला, त्यालाही शरीअत "तू सर्व काही पाहिले आहेस" असे म्हणत नाही.

पैसे लावणारा यातले काय पाहतो? त्याच्यासमोर असतो आकड्यांचा एक तक्ता. त्या तक्त्यावरून तो घोड्याला निर्दोष ठरवतो. त्याच्या दृष्टीने ऐब एकच, तो म्हणजे हरणे. घोड्याच्या गुडघ्यात सूज असो, त्याला दाणा जात नसो, तो रात्रभर अस्वस्थ असो. जोवर तो पहिला येतो तोवर पैसे लावणाऱ्याच्या लेखी तो बेऐब असतो. मोतद्दार, पशुवैद्य आणि जॉकी या तिघांना घोड्याविषयी जे ठाऊक असते, त्याचा अल्पसा अंशही त्या तक्त्यात नसतो. 'निर्दोष' हा शब्द येथे घोड्याविषयी काही सांगत नाही. पैसे लावणाऱ्याला त्या घोड्याकडून काय हवे आहे, एवढेच त्यातून कळते.

मदीनेच्या बाजारातील एक प्रसंग सहीह मुस्लिममध्ये नोंदलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. रास वरून कोरडी होती, पण बोटांना आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा झाली आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले. विजयांची अखंड मालिका ही त्या राशीची वरची कोरडी बाजू आहे. ती खोटी नाही. परंतु आत काय आहे, हे तिच्यावरून कळत नाही.

अजिंक्य घोड्यांचा इतिहास याची साक्ष देतो. ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हिअर ही घोडी २५ शर्यती धावली आणि पंचविसांही जिंकून २०१३ मध्ये निवृत्त झाली. तिच्या नावावर एकही पराभव नाही. पण २३ जून २०१२ रोजी इंग्लंडमधील ॲस्कॉट येथे काय घडले? विजय हातात आला असे समजून जॉकीने शेवटच्या काही पावलांवर तिला सैल सोडले. मागून येणारी घोडी जवळजवळ बरोबरीला आली आणि केवळ डोक्याइतक्या अंतराने ब्लॅक कॅव्हिअर वाचली. शर्यतीनंतरच्या तपासणीत तिचे स्नायू फाटल्याचे आढळले. तक्त्यात त्या दिवसापुढे 'पहिली' एवढाच शब्द आहे. जॉकीची चूक आणि घोडीची वेदना त्या शब्दाखाली झाकली गेली. ती अजिंक्य होती, हे खरे. त्या दिवशी ती निर्दोष नव्हती, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतील झेन्याटा ही घोडी सलग १९ शर्यती जिंकली. ६ नोव्हेंबर २०१० रोजी विसावी आणि अखेरची शर्यत तिने डोक्याइतक्याच अंतराने गमावली. आदल्या दिवशी तिच्यावर पैसे लावणाऱ्यांपैकी प्रत्येकाजवळ तोच युक्तिवाद होता, जो या तरुणाने माझ्यासमोर मांडला. रफियन नावाच्या घोडीची कथा याहून करुण आहे. दहा शर्यती, दहा विजय. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळ बेलमाँट पार्क येथे एका नामांकित घोड्याशी तिची समोरासमोर शर्यत ठरली. धावता धावता तिचा पुढचा उजवा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, परंतु तिला वाचवता आले नाही. शर्यत सुरू झाली तेव्हाही ती 'कधीच न हरलेली' होती. मोडणारे हाड आकड्यांत दिसत नाही.

आपल्या देशात १९७० च्या दशकात गाजलेला स्क्वाँडरर हा घोडा १९ शर्यती धावला आणि १८ जिंकला. ही कामगिरी थोरच म्हटली पाहिजे. तरीही त्या एका शर्यतीच्या दिवशी ज्यांनी त्याच्यावर पैसे लावले, त्यांना उरलेल्या अठरा विजयांचा काय उपयोग झाला? त्या घोड्याच्या नावाचा मराठी अर्थ 'उधळ्या' असा होतो. नाव घोड्याचे होते, परंतु ते लागू पडते पैसे लावणाऱ्याला.

आता त्या तरुणाच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. निकाल जवळजवळ निश्चित असेल, तर जुगार कुठे उरला? याचे उत्तर खुद्द जुगाराच्या बाजारातच आहे. ॲस्कॉटच्या त्या शर्यतीत ब्लॅक कॅव्हिअरचा भाव सहास एक असा होता. म्हणजे सहा रुपये लावावेत, तेव्हा एक रुपया नफा मिळावा. सहा वेळा जिंकून जे मिळेल, ते एका पराभवात जाईल. हा एक रुपया तरी बुकी का देतो? घोडा हरण्याची काही शक्यता आहे, असे तो मानतो म्हणून. तो रुपया म्हणजे शंकेची किंमत आहे. शंका पूर्णपणे नाहीशी झाली, तर भावही नाहीसा होईल आणि नफाही. तेव्हा "शंका नाही म्हणून पैसे लावतो" असे म्हणणारा माणूस शंकेचीच कमाई घरी नेत असतो.

रेसकोर्सवरील टोटची पद्धत वेगळी भासते, पण तिचा अर्थ तोच आहे. सर्वांचे पैसे एकत्र होतात, त्यातून क्लबचा वाटा व कर वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. तेथे कोणी काही पिकवत नाही, घडवत नाही, विकत नाही. जिंकणाऱ्याच्या हातात पडणारी प्रत्येक नोट हरलेल्या कोणाच्या तरी खिशातली असते. एकमेकांची संपत्ती अनुचित मार्गाने खाऊ नका, असा आदेश सूरह निसामध्ये (४:२९) आहे, आणि परस्परसंमतीचा व्यापार त्यातून वगळला आहे. व्यापारात एकाला माल मिळतो, दुसऱ्याला मोल. येथे एकाला पैसे मिळतात आणि दुसऱ्याला पश्चात्ताप.

यावर कोणी म्हणेल, मनुष्याचा अंदाज चुकतो, पण ज्ञान खरोखरच पक्के असेल तर? या प्रश्नाचा विचार करताना हजरत अबू बक्र सिद्दीक (रजि.) यांचा प्रसंग आठवतो. इराण्यांकडून पराभूत झालेले रोमन काही वर्षांतच पुन्हा विजयी होतील, अशी वार्ता सूरह रूममध्ये आली. मक्केच्या अनेकेश्वरवाद्यांना ते अशक्य वाटत होते. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांच्याशी पैज लावली. पैजेला मनाई होण्यापूर्वीची ही घटना आहे. तिरमिजीतील एका कथनानुसार त्यांनी सहा वर्षांची मुदत ठरवली. सहा वर्षे उलटली, रोमन विजयी झाले नाहीत आणि पैजेची रक्कम विरोधकांकडे गेली. सातव्या वर्षी रोमनांचा विजय झाला. अल्लाहचे वचन अक्षरशः खरे ठरले, परंतु त्याला माणसाने घातलेली मुदत चुकली. ज्ञान दिव्य प्रकटनाचे होते आणि ते मानणारे 'सिद्दीक' होते. तरीही माणसाच्या वाट्याचा हिशेब जेथे सुरू झाला, तेथे चूक शिरली. मग आकड्यांचा तक्ता पाहून कोणत्या घोड्याविषयी आपण 'निश्चित' हा शब्द वापरणार?

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कुरआनने जुगार निषिद्ध करताना केवळ अनिश्चिततेचे कारण दिलेले नाही. सूरह माइदाच्या ९० व ९१ व्या आयतींचा आशय असा आहे की, मद्य व जुगार यांच्याद्वारे सैतान तुमच्यात शत्रुत्व आणि द्वेष पेरू इच्छितो व अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून तुम्हाला रोखू इच्छितो. अरबांच्या 'मैसिर'मध्ये बाणांच्या साहाय्याने उंटाच्या मांसाचे वाटे पडत आणि जिंकणारे आपला वाटा पुष्कळदा गोरगरिबांना देत. सूरह बकरामध्ये (२:२१९) त्यातील काही लाभ मान्य करूनही पाप लाभापेक्षा मोठे असल्याचे सांगितले आहे. दानधर्मासाठी खेळलेला जुगारसुद्धा टिकला नाही, मग जिंकण्याची खात्री असलेला जुगार कसा टिकेल?

काही सुशिक्षित बांधव कायद्याचा दाखला देतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तामिळनाडूच्या एका खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला, हे खरे आहे. राज्याचा कायदा शिक्षा कोणाला करावी, एवढेच ठरवतो. रोजी कोणती पाक आहे, हे ठरवणे त्याचे काम नाही. शिवाय ते कौशल्य आहे तरी कोणाचे? धावतो घोडा, त्याला घडवतो प्रशिक्षक आणि हाकतो जॉकी. पेणच्या घरी बसून मोबाइलवर बोट ठेवणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काय येते?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इस्लामचे घोड्याशी वैर नाही, शर्यतीशीही नाही. सूरह आदियातमध्ये धापा टाकीत दौडणाऱ्या, खुरांनी ठिणग्या उडवणाऱ्या घोड्यांची शपथ आहे. प्रेषितांनी (स.) स्वतः शर्यती घडवून आणल्या. तयार केलेले चपळ घोडे हफ्यापासून सनियतुल वदापर्यंत धावत आणि तयार न केलेले घोडे सनियतुल वदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्यांत सहभागी होते. घोडा, उंट आणि बाण यांच्या स्पर्धांत बक्षिसाचीही मुभा आहे. शासकाने किंवा तिऱ्हाइताने जिंकणाऱ्याला बक्षीस द्यावे, यात अडचण नाही. हरणाऱ्याच्या पदरचे जिंकणाऱ्याने न्यावे, अशी देवघेव ठरली की मात्र ती 'किमार'च्या, म्हणजे जुगाराच्या, हद्दीत जाते. मुसनद अहमदमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये घोड्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : एक रहमानचा, एक माणसाचा आणि एक सैतानाचा. ज्याच्यावर पैज लावली जाते, तो तिसरा. घोडा तोच असतो. माणूस त्याच्याकडून काय अपेक्षितो, यावर त्याची गणना बदलते.

आपल्या रायगड जिल्ह्याला हा भेद समजणे कठीण नाही. येथे बैलगाड्यांच्या शर्यतींची हौस जुनी आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आपला शेतकरी बैलजोडीला पोटच्या लेकरासारखे वाढवतो. तिच्या वेगाचे कौतुक करण्यात गैर काही नाही. परंतु "ही जोडी हरतच नाही" असे म्हणत कडेला नोटा मोजल्या जाऊ लागल्या की कौतुक संपते. मग जनावराला थकण्याचा, आजारी पडण्याचा, एखाद्या दिवशी मागे राहण्याचा हक्क उरत नाही. ज्याला आपण निर्दोष ठरवतो, त्याला आपण दोष क्षमा करीत नाही. मुक्या जीवावर होणाऱ्या जुलमाची सुरुवात अनेकदा अशा स्तुतीतून होते.

प्रेषितांच्या (स.) अज्बा नावाच्या सांडणीची हकीकत या संपूर्ण प्रश्नाचे उत्तर आहे. सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) सांगतात की, ती शर्यतीत कधी मागे पडत नसे. एके दिवशी एक खेडूत अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि तिच्या पुढे निघून गेला. सहाबांना हे फार लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचे दुःख प्रेषितांनी (स.) ओळखले आणि जे सांगितले त्याचा आशय असा : या दुनियेतील जी गोष्ट उंचावते, तिला खाली आणणे हा अल्लाहचा नियमच आहे. त्यांनी सांडणीला दोष दिला नाही, पुन्हा शर्यत लावण्यास सांगितले नाही, सबब शोधली नाही. सृष्टीतील सर्वश्रेष्ठ मानवाची ती सांडणी होती. तिच्याविषयीही अजिंक्यतेचा दावा टिकवून धरणे इस्लामला मान्य झाले नाही.

कारण बेऐब असणे हा सृष्टीचा नव्हे, स्रष्ट्याचा गुण आहे. आपण दिवसातून कितीदा 'सुब्हानल्लाह' म्हणतो! सर्व दोषांपासून अल्लाह पवित्र आहे, हाच त्याचा अर्थ. सूरह मुल्कमध्ये (६७:३-४) माणसाला आवाहन आहे की, आकाशांच्या रचनेत कोठे तडा दिसतो का, ते पुन्हा पुन्हा पाहा. नजर थकून परत येईल. निर्दोष म्हणायचे तर असे पाहावे लागते, आणि असे पाहताना थकतो तो पाहणारा. दहा, एकोणीस किंवा पंचवीस शर्यती पाहून तोच शब्द एका जनावराला देणे म्हणजे जिभेवरील तस्बीहचे मोल हिशेबाच्या वहीत कमी करणे होय.

आता त्या तरुणाशी दोन शब्द. बेटा, तू ज्या घोड्याविषयी विचारलेस, त्याच्याहून मोठा धोका दुसऱ्याच एका अजिंक्याचा आहे, आणि तो तू आहेस. दोनदा लावले, दोनदा जिंकलास. तुझ्या मनातील तक्त्यात पराभवाचा रकाना अजून रिकामा आहे आणि तोच तुला तिसऱ्यांदा बोलावतो आहे. हरला असतास, तर कदाचित दोन वर्षांपूर्वीच थांबला असतास. काही वेळा विजय हीच कठोर परीक्षा असते. नुकसान कोणाचे झाले, असे तू विचारलेस. ते पैसे बहिणीची अमानत होते. अमानतीला हात लागला त्याच क्षणी नुकसान झाले. रक्कम परत ठेवल्याने पैसे भरून आले, अमानत भरून आली नाही. चोरून घेतलेली वस्तू संध्याकाळी जागेवर ठेवली, तर सकाळची चोरी पुसली जात नाही.

यावर मार्ग आहे आणि तो लांबचा नाही. जी रक्कम जिंकलास, ती तुझी नाही, ती सवाबची आशा न ठेवता गरजवंतांना देऊन मोकळा हो. मोबाइलमधील ते ॲप काढून टाक. घरी योग्य वेळ पाहून वडिलांना सांग. ते रागावतील, पण त्यांचा राग ओसरेल. लपवलेली गोष्ट मात्र वाढत जाते. आणि आईवडिलांनीही ध्यानात ठेवावे की, "आमचा मुलगा कधी चुकतच नाही" असे चारचौघांत म्हणत राहिले, की मुलाला चूक कबूल करण्यासाठी घरात जागा उरत नाही. लेकरांना अजिंक्य ठरवू नका. त्यांना तौबा करता येईल, असे घर द्या.

घोडा सुंदर आहे, त्याचा वेग अल्लाहची देणगी आहे. ती पाहून 'माशाअल्लाह' म्हणावे आणि खिशातला हात खिशातच ठेवावा. सर्वसमर्थ अल्लाह आपल्या रोजीला पाक ठेवो, आपल्या तरुणांना जिंकण्याच्या मोहापासून वाचवो आणि चुकल्यावर परत येण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.